असावं

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी लुबोर म्हणाला,
आता यंत्राला हुकूम सोडायचे नाहीत.
हे बसव, ते काढ, तिथली ओळ खोड, पुन्हा चालू हो:
सात वर्षं असंच केलं,
आणि आत काय साठलंय ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.
आता एकच फाइल.
तिच्यात फक्त लिहायचं, काय असावं.
भाषा चेक असावी. घड्याळ प्रागचं असावं.
प्रिंटर असावा.
कसं व्हावं ते त्याचं तो बघेल.

मी बियांच्या पाकिटांना गोंद लावत होते.
म्हटलं, असावं म्हणून होत असतं
तर आपल्या बाल्कनीत लिंबं लागली असती.

ओलोमोउत्सला त्या वर्षी बर्फ लवकर पडला.
पुलाखाली बदकं एकमेकांना चिकटून बसली
आणि लुबोर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी
एका अर्धविरामाशी भांडत बसला.
अकरा शनिवार. मी मोजले.
एका शनिवारी आवाज गेला, एका शनिवारी वायफाय,
एकदा सगळं आलं, पण कळफलक जर्मन बोलायला लागला.
सासूबाईंच्या वाढदिवसाला मी एकटीच गेले.
त्यांनी डब्यात घालून दिलेला केक
त्याने उभ्याउभ्या खाल्ला, पडद्यावरची नजर न काढता,
आणि विचारलं, खसखस होती का?

जुन्याला काय धाड भरली होती? मी.
काहीच नाही, तो. तेच तर.
सगळं नीट चालत होतं
आणि का चालतंय ते दोघांनाही माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत डिस्क मेली.
दोनदा टिकटिकली, मग गप्प.
मार्चचा बाजार तोंडावर, तीनशे दहा पाकिटं कोरी,
मी रडायच्या बेतात.
लुबोर शीळ घालत नवी डिस्क घेऊन आला,
ती फाइल दिली, एक हुकूम सोडला, एकच,
आणि बटाटे सोलायला बसला.
बटाटे उकडेपर्यंत सगळं जागच्या जागी.
गिऱ्हाइकांची यादीसुद्धा:
ती रोज रात्री त्याच्या बहिणीकडे ओस्त्रावाला मुक्कामाला जाते
हे मला त्या दिवशी कळलं.
मी मान्य केलं. मनात.

मग पहिलं लेबल छापलं, मुळ्याचं.
आमच्याकडे मुळा त्या अक्षराने सुरू होतो
जे र आणि झ एका श्वासात म्हटले की येतं,
पोरांना सगळ्यात शेवटी येतं, परक्यांना येतच नाही.
त्याच्या जागी एक रिकामा चौकोन.

लुबोरने फाइल वरून खाली वाचली, खालून वर वाचली.
या अक्षराबद्दल चकार शब्द नव्हता.
ते अक्षर प्रिंटरला ओताकरने शिकवलं होतं,
सहा वर्षांपूर्वी, दोन बिअर आणि अर्ध्या तासात,
कुठेतरी आत हात घालून.
कुठे, ते आम्ही विचारलं नाही. छापत होतं ना.
आणि ओताकरशी तीन वर्षं बोलणं बंद,
त्याची गाडी आम्ही ठोकली होती, त्यावरून,
रक्कमही आता धड आठवत नाही.

फोन मी लावला.
क्वेता बोलतेय, म्हटलं. मुळा छापला जात नाहीये.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग नाकातून हसल्याचा आवाज,
आणि, येतो. पण बिअर गार असावी.

धाकटी ब्लाझेना परवा विचारत होती,
आम्हीही बदलू का गं? कष्टाचं चीज होतं का?
मी म्हटलं, तुझ्याकडे अकरा शनिवार आहेत?
आणि एखादा माणूस, ज्याचं काही देणं लागतेस?
तिला वाटलं मी टाळतेय.

फाइलीत आता एक ओळ जास्त आहे.
तिच्या डोक्यावर एक शेरा, जो यंत्र वाचत नाही:
हे ओताकरने केलं.
गाडीचे पैसे द्यायचे राहिलेत.